वसईचा विजयोत्सव: पुतळा, मशाल आणि न वाचलेला तह

मे महिना आला की आमच्या वसईत बॅनर लागतात. वसई विजय दिन. यंदा नाक्यापासून किल्ल्यापर्यंत जाताना मी दोन बॅनर वाचले. एकावर १२ मे, दुसऱ्यावर १६ मे. दोन्हींवर तोच फेटा, तेच चिमाजीअप्पा, खाली तेवढेच हसरे चेहरे. दोन गटांचं भांडण असेल असं वाटून पुढे जाऊ नका, कारण दोन्ही तारखा बरोबर आहेत. अजून दोन तारखा लावल्या असत्या तरी चालल्या असत्या!

झालं असं, की १७३९ साली पोर्तुगीज नवं, म्हणजे ग्रेगोरियन कॅलेंडर वापरत होते आणि मुंबईचे इंग्रज जुनं ज्युलियन. इंग्रजांनी आपलं कॅलेंडर बदललं ते १७५२ मध्ये. तोवर दोघांत ११ दिवसांचं अंतर होतं. वसईच्या किल्ल्याच्या शरणागतीचा तह सही झाला तो पोर्तुगीज तारखेनं १६ मेला, इंग्रजी तारखेनं ५ मेला. पोर्तुगीज गाठोडी बांधून प्रत्यक्ष बाहेर पडले आणि भगवं निशाण चढलं ते पोर्तुगीज तारखेनं २३ मेला, इंग्रजी तारखेनं १२ मेला. आपल्या कागदांत तर तिथ्या. पुढे ज्यानं ज्या पुस्तकातून तारीख उचलली, त्यानं ती छापली. तेव्हा पुढच्या वर्षी कुणाचं बॅनर 'चुकीचं' म्हणून फाडू नका. एवढी एक विनंती.

आता सोहळ्याबद्दल. मी दरवर्षी जातो. वज्रेश्वरीहून मशाल येते, तरुण पोरं अनवाणी धावत आणतात, घामानं निथळलेली असतात. ढोल-ताशा, लेझीम, पोवाडा, पुतळ्याला हार, मग भाषणं. टीका करायची म्हणून मी हे लिहीत नाही. ती मशाल अंधारात जमिनीच्या दरवाजातून आत शिरते ना, तेव्हा माझ्याही अंगावर काटा येतो. वज्रेश्वरीचा संबंधही खरा आहे. मोहिमेत अप्पांनी देवीला नवस केला आणि फत्ते झाल्यावर वसईचे सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्या हातून मंदिर उभं राहिलं. गणेशपुरीच्या वाटेवरचं ते गढीसारखं दिसणारं देऊळ. भाविकांनी पाहिलेलं असतं, पण ते या लढाईचं स्मारक आहे हे पायऱ्या चढताना किती जणांच्या डोक्यात असतं?

भाषणात दरवर्षी एक प्रसंग हमखास येतो. वेढा लांबला, किल्ला पडेना, तेव्हा अप्पा सरदारांना म्हणाले की किल्ला घेता येत नसेल तर माझं मस्तक तरी तोफेच्या तोंडी देऊन आत टाका. टाळ्या पडतात. पडायलाच हव्यात, प्रसंग तसाच आहे. पण या एका वाक्यापाशी सगळी मोहीम येऊन थांबते, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिच्या आधी आणि नंतर आहे.

आधीची गोष्ट दोन वर्षांची आहे. १७३७ च्या मार्चअखेरीस मराठे साष्टीत उतरले. ठाण्याचा कोट पोर्तुगीज बांधतच होते, तो अर्धवट असतानाच घेतला. अर्नाळा घेतला. पण वसई काही हाती आली नाही. अंजूरच्या नाईकांनी, गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावांनी, या मोहिमेसाठी पुण्याच्या किती खेपा घातल्या आणि किती वर्षं वाट पाहिली हे वाचलं की कळतं, ही लढाई पुण्यात ठरली असली तरी तिची मागणी इथून, भिवंडी-साष्टीच्या गावांतून गेली होती. कारणही उघड आहे. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आलं, त्याचा हात उत्तर प्रांतापर्यंत पोचत होता. उघड पूजाअर्चेला बंदी, लग्नकार्याला बंधनं, बाप मेलेल्या पोरांना 'अनाथ' म्हणून ताब्यात घेण्याचे कायदे. हे सगळं कागदोपत्री आहे. त्यात मीठमसाला घालायची गरज नाही आणि ते पुसूनही टाकता येत नाही.

१७३८ च्या अखेरीस चिमाजीअप्पा पुन्हा कोकणात उतरले ते तयारीनिशी. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, तारापूर. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर पडले. पेशव्यांच्या घरचा माणूस म्हणावा इतका जवळचा. फेब्रुवारीत वसईला वेढा. तिकडे गोव्याहून कुमक निघू नये म्हणून व्यंकटराव घोरपडे इचलकरंजीकर आणि दादाजीराव भावे नरगुंदकर यांनी गोव्यातच साष्टी-मडगावकडे धुमाकूळ घातला होता. (गोव्यातही साष्टी आहे, आमच्याकडेही. पुस्तक वाचताना हा घोळ लक्षात ठेवा.) समुद्रात मानाजी आंग्रे. म्हणजे आमच्या किल्ल्याची लढाई अर्धी इथे आणि अर्धी पाचशे किलोमीटरवर चालली होती. ही आखणी मला त्या तोफेच्या वाक्यापेक्षा मोठी वाटते. पण आखणीवर टाळ्या मिळत नाहीत.

आणखी एक. त्याच मार्चमध्ये नादिरशहा दिल्लीत होता. तो दक्षिणेकडे येणार की काय या चिंतेत बाजीराव उत्तरेकडे निघाले होते आणि मराठ्यांचं निम्मं बळ वसईच्या रेतीत अडकलं होतं. वर पावसाळा तोंडावर. जूनच्या पहिल्या सरींत इथल्या चिखलात मोर्चे टिकत नाहीत, सुरुंगाची दारू कोरडी राहत नाही. वसईकराला हे सांगायला नको. म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात नाही तर मग निदान दिवाळीपर्यंत नाही, अशी गाठ होती.

किल्ला कधी नीट फिरला असाल तर अडचण समजेल. बहुतेक बाजूंनी समुद्र, खाडी आणि दलदल. खरा हल्ला करता येतो तो जमिनीच्या अंगानं. त्या अंगाला सेबॅस्टियनचा बुरूज. रेतीत मोर्चे पुढे सरकवत बुरुजाच्या पायापर्यंत जायचं, खाली भुयार खणायचं, दारू भरायची, बत्ती द्यायची. वरून बंदुका, तोफगोळे, जळते पेटारे. मेच्या सुरुवातीला (इंग्रजी तारखेनं म्हणतोय) सुरुंग उडाले. सगळे वेळेवर उडाले नाहीत. काही उशिरा उडाले, तोवर आपलीच माणसं खिंडारात घुसलेली होती. ती त्या दगडांखाली गेली. तरी पुन्हा चढले. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांच्या फौजा त्यात होत्या. दोन दिवस बुरुजासाठी झोंबाझोंबी चालली. किल्लेदार सिल्वेरा आधीच गोळी लागून मेला होता. त्याच्या जागी आलेल्या काएतानो द सौझा परेरा यानं पांढरं निशाण दाखवलं.

ग्रँट डफनं आकडे दिलेत. पोर्तुगीजांकडचे मृत आणि जखमी मिळून आठशे. मराठ्यांकडचे पाच हजारांवर. पाच हजार! एका किल्ल्यासाठी. त्यातली सरदारांची नावं आपल्याला माहीत आहेत, ती पोवाड्यात येतात. बाकीच्यांची? भुयार खणणारे बेलदार, शिड्या धरणारे, दारूच्या पखाली वाहणारे, होड्या वल्हवणारे कोळी-भंडारी. पुतळा एक असतो, तो असावा. पण त्या खिंडारापाशी, जिथे ते गाडले गेले असतील तिथे, सोहळ्याच्या रात्री एक पणतीही नसते. सगळा उजेड पुतळ्यावर. मी यंदा मुद्दाम त्या बाजूला जाऊन आलो. काटेरी झुडपं, दोन बाटल्या, एक कुत्रं.

आता नंतरची गोष्ट. ती मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तीच भाषणात कधी येत नाही.

पाच हजार माणसं पडल्यावर विजयी फौजेनं काय केलं असतं? त्या काळात युरोपात आणि हिंदुस्थानात, खिंडार पडलेल्या किल्ल्याचं काय होतं हे सांगायला नको. नादिरशहानं दिल्लीत काय केलं ते तेव्हा दोन महिन्यांपूर्वीचंच होतं. वसईत तह झाला. तहाची कलमं गर्सन द कुन्हा यांच्या १८७६ च्या वसई-चौलवरच्या पुस्तकात मिळतील. शिबंदीला हत्यारांसह, निशाण फडकवत, नगारे वाजवत बाहेर पडू द्यायचं. जायचं त्यांना बायकामुलं आणि सामानसुमान घेऊन जायला आठवड्याभराची मुदत. कैद्यांची सुटका. आणि जे ख्रिस्ती रयत म्हणून मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक.

हे शेवटचं कलम पुन्हा वाचा. ज्या राजवटीनं दोनशे पाच वर्षं (१५३४ ते १७३९) इतरांना ही मोकळीक दिली नाही, तिच्याकडून किल्ला घेताना चिमाजीअप्पांनी ती लिहून दिली. घोड्यावरच्या अप्पांपेक्षा हा सही करणारा अप्पा मला जास्त उंच दिसतो. किल्लेदाराच्या बायकोला खणनारळ देऊन परत पाठवल्याची गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. ती खरी की रचलेली, या वादात पडायचीही गरज नाही. एका बाईची गोष्ट कशाला, अख्ख्या गावाच्या बायकापोरांबद्दल कलम आहे की!

हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारण सांगतो. यंदाच्या सोहळ्यात एका वक्त्यांनी (नाव देत नाही, गावचे आहेत, उद्या भाजीबाजारात भेटतील) भाषणाच्या भरात म्हटलं, की फिरंगी गेले पण त्यांची पिलावळ इथेच राहिली. थोड्या टाळ्या आल्या. फार नाही, पण आल्या. माझ्या शेजारी माझा शाळेपासूनचा मित्र उभा होता. पापडीचा, ख्रिस्ती. त्याचा मुलगा ढोलपथकात होता. दोघंही मुलाचा ढोल ऐकायला म्हणून एकत्र गेलो होतो. मित्र काही बोलला नाही. जरा वेळानं म्हणाला, "अरे, आमचे लोक केळी लावत होते रे तेव्हाही. फिरंगी किल्ल्यात राहायचा. आम्हाला कुठे आत घेत होता?"

इतिहास म्हणून बघितलं तर त्याचं वाक्य वक्त्यांच्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा अचूक आहे. किल्ल्याच्या आत राहायचे ते फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज खानदानी लोक, पाद्री, शिपाई. वसईचे ख्रिस्ती म्हणजे इथलेच सामवेदी, वाडवळ, कोळी. धर्म बदलला, शेत बदललं नाही, बोली बदलली नाही, लुगडं बदललं नाही. आजही कादोडी बोलणारी आजी किल्ल्याच्या कुठल्याही वक्त्यापेक्षा जुनी मराठी बोलते. पोर्तुगीज मंडळी २३ मेला होड्यांत बसून मुंबईकडे गेली. मागे राहिले ते इथलेच, तहाच्या त्या कलमावर विश्वास ठेवून राहिलेले. त्यांना पिलावळ म्हणणं म्हणजे चिमाजीअप्पांनी दिलेला शब्द त्यांच्याच पुतळ्यासमोर मोडणं आहे.

आणि ही माणसं पुढे मराठीतच राहिली. 'सुवार्ता' चालवणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्या नंदाखालचे. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्याच्या कितीतरी आधीचे गोन्सालो गार्सिया, बाप पोर्तुगीज आणि आई इथली, वसईत जन्मले, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले, १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाले. भारतात जन्मलेले पहिले संत आमच्या गावचे, पण किल्ल्यावरच्या सोहळ्यात त्यांचं नाव निघत नाही. निघालं असतं तर काय बिघडलं असतं?

एक गंमत सांगतो, रागावू नका. भाषणं संपल्यावर सगळ्यांना वडापाव वाटले. बटाटा आणि पाव, दोन्ही शब्द पोर्तुगीज. मंडप घालणाऱ्याचा पगार, त्याची बादली, त्याचं घमेलं, मंडपामागच्या खोलीची चावी, सगळं पोर्तुगीज. फिरंग्यांना हाकलून दिल्याचा जल्लोष आपण त्यांच्याच शब्दांत करत असतो. उलटही झालं आहेच. इथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळोदेवळी गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा, भीमाशंकरची, वाईजवळच्या मेणवलीची, या त्या मोहिमेतल्याच म्हणून ओळखल्या जातात. भीमाशंकरला गेलात तर घंटेवरचा क्रूस बघा. कुणी घासून काढलेला नाही. अडीचशेहून जास्त वर्षं शंकरासमोर वाजते आहे.

विजयाचं पुढे काय झालं, हेही सोहळ्यात सांगितलं जात नाही. वसई पडली तेव्हा खरा फायदा कुणाचा झाला? मुंबईच्या इंग्रजांचा. वेढा चालू असताना पोर्तुगीजांनी मदत मागितली, तेव्हा इंग्रजांनी चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा तारण घेऊन पंधरा हजार रुपये कर्ज दिलं. बाजारातला सावकार बरा. किल्ला पडताच जुलैत त्यांचा कॅप्टन इंचबर्ड वसईत अप्पांशी व्यापाराचा तह करून गेला. पोर्तुगीज उत्तर कोकणातून उखडले गेले, चौलही १७४० मध्ये सुटलं, उरले दमण आणि दीव. शेजारचा एक दर्यावर्दी प्रतिस्पर्धी आपोआप कमी झाला, तो आपण कमी करून दिला. पस्तीस वर्षांत, १७७४ च्या डिसेंबरात, इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि साष्टी कायमची गेली. १७८० मध्ये जनरल गॉडर्डनं वसईही घेतली. सालबाईच्या तहात ती परत मिळाली. आणि ३१ डिसेंबर १८०२ ला याच वसईत दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तो करार केला, ज्यानं पेशवाई इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या पदराखाली गेली. चिमाजीअप्पांनी जिंकलेल्या गावात त्यांच्याच नातवाच्या पिढीनं स्वराज्य लिहून दिलं. त्या करारासाठी बॅनर लागणार नाही हे समजू शकतो. पण शाळेतल्या मुलांना एकाच जागेवर दोन सह्या दाखवता येतील, अशी जागा महाराष्ट्रात दुसरी कुठली आहे?

अप्पा हे बघायला नव्हते. विजयानंतर एका वर्षानं, एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले. त्याच डिसेंबरात अप्पा. छातीच्या दुखण्यानं आधीच पोखरलेला माणूस. वसईच्या खाऱ्या हवेत, दारूच्या धुरात तीन महिने काढले ते अशा फुप्फुसांनी. हे कुणी भाषणात सांगितलं तर मस्तक तोफेला द्या या गोष्टीलाही वेगळं वजन येईल.

आयोजकांपैकी काही जण हे वाचतात, म्हणून सरळ मागण्या लिहितो. पहिली, पुढच्या वर्षी भाषणांतली दोन कमी करा आणि तहाची कलमं मोठ्यानं वाचा, मराठीत. दहा मिनिटं लागतील. दुसरी, मशाल पुतळ्यापाशी थांबते ती सेबॅस्टियनच्या खिंडारापर्यंत न्या, आणि तिथली झुडपं आधी परवानगी घेऊन काढा. किल्ला पुरातत्त्व खात्याचा आहे, मनाला येईल तिथे कुदळ घालता येत नाही आणि चुनाही फासता येत नाही. तिसरी, फटाके आत नकोत. जोसेफच्या चर्चचा मनोरा आणि फ्रान्सिस्कनांच्या कमानी तीनशे पावसाळे बघून उभ्या आहेत, त्यांना सुतळी बॉम्बची काय गरज? चौथी, य. न. केळकरांचं 'वसईची मोहीम' हे पुस्तक गावातल्या प्रत्येक वाचनालयात एक तरी असावं. वर्गणी काढू, माझी पहिली धरा.

वक्त्यांशी मी दुसऱ्या दिवशी बोललो. म्हणाले, "काका, ओघात गेलं हो." असेल. मी त्यांना कलमांची झेरॉक्स दिली आहे, वाचतो म्हणाले. मित्राचा मुलगा मात्र पुढच्या वर्षी पथकात यायचं की नाही याचा विचार करतोय. सोळा वर्षांचा आहे, टोल फार सुंदर देतो. त्याच्याशी पथकातल्या पोरांनीच बोलावं, मोठ्यांनी मध्ये पडू नये असं मला वाटतं.

पाऊस सुरू व्हायला अजून दोनेक आठवडे आहेत. ज्यांना खिंडार बघायचं आहे त्यांनी रविवारी सकाळी सातला जमिनीच्या दरवाजापाशी यावं. पायात बूट घाला, काटे आहेत.